एकसष्ट शब्दांचं एक दुखणं

जावयाने हातातला माऊस काढून घेतला, तेव्हा सिस्टरांना राग आला असं म्हणणं म्हणजे उकळत्या पाण्याला कोमट म्हणण्यासारखं होतं. पण जावई पडला. घरी आलेला, मुलीच्या देखत, त्यात चहाचा कप अजून अर्धा भरलेला. त्या ओठ आवळून बसल्या.

"तुम्ही सरका आई, मी करतो पटकन," जावई म्हणाला. पटापट चौकटी उघडल्या, मिटल्या. एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत गेली.

"आत्ता काय केलंत?"

"ते तुम्हाला नाही लागणार."

"पण केलंत काय?"

"सेटिंग."

मुलगी हसली. "अगं आई, तू कशाला डोकं शिणवतेस? तो करतोय ना."

एकतीस वर्षं सिस्टरांनी बायकांच्या सर्जरीच्या वॉर्डात काढली होती. तिथे त्यांना मागे सगळे 'स्पिरीट' म्हणत, कारण जखमेवर पडल्या की झोंबायच्या. त्यांच्या देखत कुणी पेशंटच्या हातातून साधा पाण्याचा पेला ओढून घेतला असता, तर त्याची धडगत नव्हती. आणि आज त्यांच्याच घरात, त्यांच्याच टेबलावर, त्यांच्या हातातून वस्तू काढून घेतली जात होती आणि वर त्याला मदत म्हणायचं होतं.

त्या कॉम्प्युटरपर्यंत कशा पोहोचल्या, ते आधी सांगायला हवं.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी वॉर्डात एक शिवणकाम करणारी बाई दाखल झाली होती. पोटाच्या उजव्या बाजूला दुखत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी राऊंडला डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतंय?" बाई म्हणाली, "काल नुसतं ठसठसत होतं. पहाटे एकदम उसवलं. आता बरंय." डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'दुखणे कमी.' आणि पुढच्या कॉटकडे वळले.

सिस्टर तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या, ट्रे धरून मागे उभ्या. उसवलं, हा शब्द त्यांना खटकला. शिवण उसवते तेव्हा काही बरं होत नाही, आतलं बाहेर येतं. त्यांनी धीर करून म्हटलं, "डॉक्टर, त्या उसवलं म्हणाल्या." डॉक्टर वळलेसुद्धा नाहीत. "सिस्टर, शब्दांचे लाड नकोत. ताप घ्या."

त्यांनी ताप घेतला. अपेंडिक्स फुटलं होतं. बाई तिसऱ्या दिवशी गेली.

त्या डॉक्टरांचा राग सिस्टरांच्या मनातून कधी गेला नाही, पण त्याहून मोठा राग त्यांना स्वतःचा होता. एकदाच म्हटलं, पुन्हा का नाही म्हटलं? ट्रे आपटून का नाही म्हटलं? त्या दिवसानंतर त्या गप्प बसायच्या बंद झाल्या. आणि त्याच आठवड्यात त्यांनी जुन्या तापाच्या तक्त्याचा कोरा मागचा भाग कापून पहिलं कार्ड केलं. वर लिहिलं, 'उसवणं'. खाली, कोण म्हणालं, कुठे, कधी, आणि पुढे काय निघालं.

मग सवयच लागली. बाया दुखणं सांगताना जे शब्द वापरत ते त्या जसेच्या तसे टिपून घेत. ठणका म्हणजे नाडीबरोबर उडणारा. ज्याला ठणका लागतो तो आडवा पडत नाही, हात उशीवर ठेवून बसून राहतो. चमक आली की पेशंट बोलता बोलता थांबतो, त्याचा हात तिकडे जातो पण टेकत नाही. सलणं इतकं बारीक असतं की सांगायची लाज वाटते, आणि तरी विसरता येत नाही. कळ, सणक, मुरडा, चुरचुर, भगभग, रग, पिळवटणं. निवृत्त झाल्या त्या दिवशी रबरी हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यांत मिळून दोन हजार सहाशे कार्डं होती. सहकाऱ्यांनी निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. सिस्टरांनी रिक्षात खोकी मांडीवर घेतली आणि घड्याळ पायाशी ठेवलं.

नर्सिंगच्या मुलींना हे सगळं एकत्र, शोधलं की सापडेल असं द्यायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. वाट दाखवली एका पेशंटनेच. त्या विद्यापीठात भाषाशास्त्र शिकवायच्या आणि पित्ताशयाच्या ऑपरेशनला दाखल झाल्या होत्या. सिस्टरांना माणसं नावाने कधीच लक्षात राहत नसत, दुखण्यावरून राहत. त्यामुळे त्या बाई कायमच्या 'पित्ताशय' झाल्या. टाके ओले असतानाच पित्ताशय उठून बसून कार्डं वाचत होत्या. "सिस्टर, हा कोश आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही लोक बोलींचे कोश करायला एक सॉफ्टवेअर वापरतो. फुकट मिळतं. घरच्या कॉम्प्युटरवर बसतं. एकेका शब्दाला एकेक पान. अर्थ, उदाहरण, कुणाकडून ऐकला, सगळं." आणि बऱ्या झाल्यावर त्यांनी ते पेनड्राईव्हवर घालून पाठवूनही दिलं.

सिस्टरांनी जुना कॉम्प्युटर घेतला. दुकानदारच घरी येऊन सॉफ्टवेअर बसवून गेला. कसं बसवलं? पेनड्राईव्ह खुपसला, आणि 'पुढे, पुढे, पुढे' असं काय विचारलं आहे ते न वाचता दाबत गेला. सिस्टर त्या खिडक्यांमधलं वाचायला वाकल्या की खिडकी गायब. तो गेल्यावर त्यांनी पहिला शब्द टाकला, 'कळ'. पडद्यावर क आला आणि त्याच्या शेजारी एक रिकामा चौकोन.

"फॉन्टचा प्रॉब्लेम," दुकानदार फोनवर म्हणाला. "चालतंय ना? मग झालं."

"ळ दिसत नाही आणि चालतंय म्हणता? तुमच्या दुकानाच्या पाटीवरचं एक अक्षर काढून टाकू का? चालेल ना?"

त्याने येऊन फॉन्ट घातला. दोन महिन्यांनी मशीन मंद झालं म्हणून पुन्हा आला आणि सगळं पुसून कोरं करून गेला. त्यात टाईप केलेले चारशे शब्द गेले. "तुम्ही सांगितलं नाही, आत काही आहे म्हणून," हे वर. सिस्टरांनी त्याला जिना उतरेपर्यंत सोडलं नाही. तिसऱ्या मजल्यावरून खालपर्यंत ते भांडण ऐकू गेलं, आणि खालच्या शिंप्याने मशीन थांबवलं म्हणतात.

म्हणून मग जावई.

जावई कुठल्याशा मोठ्या कचेरीत कॉम्प्युटरचं खातं सांभाळायचा. माणूस वाईट नव्हता. कष्टाळू होता, मुलीला नीट वागवायचा. पण त्याला एक खोड होती. दुसऱ्याला येत नाही हे दिसलं की त्याचा हात शिवशिवायचा. त्याने पेनड्राईव्हची वाट धरलीच नाही. "ते जुनं झालं आई, थेट इंटरनेटवरून नवं घेऊ." घेतलं. शिवाय त्याने अशी सोय केली की त्याला तिथे ऑफिसात बसून इथला कॉम्प्युटर चालवता यावा. आणि रोज संध्याकाळी सगळी कार्डं आपोआप त्याच्या खात्यात जाऊन बसावीत, म्हणजे पुन्हा हरवायला नकोत. पासवर्ड त्याच्याकडे.

"मला सांगून ठेवा तो," सिस्टर म्हणाल्या.

"तुम्ही विसराल."

एकतीस वर्षं चाळीस कॉटांच्या औषधांच्या वेळा तोंडपाठ असलेली बाई. विसरेल म्हणे.

पण काम सुरू झालं. रोज सकाळी आठ ते अकरा सिस्टर टाईप करत. दोन बोटांनी, पण नेमाने. 'थोडक्यात अर्थ' असा एक रकाना होता, तो भरल्याशिवाय पुढे जाता येईना. सगळ्या कार्डांवर अर्थ एका शब्दात मावणारा नव्हताच. तो खाली टिपणीत होता. तेव्हा नंतर बघू म्हणून त्यांनी अशा शब्दांना तिथे सरसकट 'दुखणे' असं भरत नेलं. ही चूक त्यांची होती, आणि ती त्यांनी कधी नाकारली नाही.

अधूनमधून पडद्यावरचा बाण आपोआप हलायचा. सिस्टरांचे हात मांडीवर आणि बाण चालतोय. जावई ऑफिसातून काहीतरी बघत असायचा. पहिल्यांदा त्या दचकल्या, मग चिडल्या, मग फोन करून म्हणाल्या, "जावईबापू, घरात शिरताना बेल वाजवतात." तो हसला.

तीन आठवड्यांनी एका सोमवारी त्यांनी सॉफ्टवेअर उघडलं, तर यादी आखूड दिसली. त्यांनी 'ठणका' शोधला. नाही. 'चमक' नाही. 'सणक' नाही, 'सलणं' नाही. द वर गेल्या. तिथे एकच शब्द होता, 'दुखणे'. आणि त्याच्या पोटात एकसष्ट टिपणं, एकाला एक चिकटवलेली, कुठलं कशाचं याचा पत्ता नाही. नाडीबरोबर उडतो हात तिकडे जातो पण सांगायची लाज वाटते पाय पोटाशी घेऊन.

त्यांनी जावयाला फोन लावला.

"हां, ते," जावई खुशीत म्हणाला. "शनिवारी जरा वेळ मिळाला म्हणून साफसफाई केली. डुप्लिकेट फार झाले होते आई. एकसष्ट शब्द आणि सगळ्यांचा अर्थ एकच. त्यात एकत्र करायची सोय आहे. केले."

"एकच?"

"तुम्हीच लिहिलंय की. दुखणे."

"आणि ते जे रोज संध्याकाळी तुमच्याकडे जातं? त्यात जुनं असेल ना?"

"ते... त्यावर नवं बसतं रोज. शनिवार-रविवार गेला ना मध्ये."

सिस्टरांचा आवाज चढला नाही. वॉर्डातल्या जुन्या लोकांना माहीत होतं की त्यांचा आवाज चढला तर बरं; उतरला तर पळावं.

"ऐका जावईबापू. तुमच्यासारखाच एक हुशार माणूस मी पाहिलाय. त्यानेही असंच एका बाईचं सगळं बोलणं एका शब्दात बसवलं होतं. पटकन. ती बाई मेली. तुमच्यामुळे कुणी मेलं नाही, हे तुमचं नशीब. आजपासून माझ्या मशीनला हात लावायचा नाही. इथून नाही, तिथून नाही, स्वप्नातसुद्धा नाही. जे काय बसवलंय ते काढा, आणि पासवर्ड मला कागदावर लिहून पाठवा."

संध्याकाळी मुलगी आली. चप्पल काढायच्या आधीच सुरू झाली. "आई, जावयाला असं बोलतात का? तो जेवला नाही दुपारी."

"एकच दुपार."

"तुझ्यासाठी शनिवार घालवला त्याने!"

"माझी तीन आठवड्यांची सकाळ घालवली."

"कार्डं आहेत ना तुझ्याकडे? पुन्हा टाईप कर. जग बुडालं का?"

"करणारच आहे. प्रश्न टाईप करायचा नाही गं. मला न विचारता केलं. दर वेळी न विचारता. तूसुद्धा. मी काय कॉटवरची पेशंट आहे का, की माझ्या डोक्यावरून तुम्ही दोघांनी बोलावं?"

मुलगी चमकली. मग तिचाही पारा चढला. "तू तरी कुणाला विचारून करतेस का कधी? लहानपणी माझी शाळा बदललीस, मला विचारलं होतंस?"

हे कुठून आलं, सिस्टरांना कळेना. पण खरं होतं. नाही विचारलं. मुलगी ताडताड जिना उतरून गेली, आणि पुढचे बारा दिवस तिचा फोन आला नाही.

सिस्टरांनी पित्ताशयांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, मग आमच्या विभागात आणून द्या ना खोकी. मुलं टाईप करतील. आमच्या प्रकल्पात ठेवू. तुमचं नाव राहील."

"मॅडम, मला कुणी करून देऊ नका. कसं करतात ते सांगा."

"फोनवर? सिस्टर, ते किचकट असतं. तुम्हाला उगाच..."

"तुमचे टाके काढले तेव्हा तुम्ही मला तीनदा विचारलंत, काय करताय, का करताय, आता काय होणार. मी तीनदा सांगितलं. किचकट आहे म्हणाले का मी?"

पलीकडून एक मोठा उसासा आला. मग जरा रागातच पित्ताशय म्हणाल्या, "वही घ्या."

वही कशाला, सिस्टरांनी कॉम्प्युटरचा केसपेपरच केला. तीन रकाने आखले: वेळ, काय दिलं, काय झालं. रोज सकाळी दहाला फोन, अर्धा तास सूचना, मग दिवसभर एकटीने उपचार.

पहिल्या दिवशी जुनं सगळं काढलं. 'खरंच काढू का?' असं मशीनने दोनदा विचारलं. सिस्टरांनी शेरा लिहिला, 'दुकानदारापेक्षा बरं. विचारतं.' दुसऱ्या दिवशी मशीन कुठल्या जातीचं आहे ते बघितलं, कारण सॉफ्टवेअर दोन प्रकारचं मिळत होतं आणि चुकीचं घेतलं तर बसणारच नव्हतं. इतक्या दिवसांत हे कुणी सांगितलंही नव्हतं. तिसऱ्या दिवशी पित्ताशय म्हणाल्या, "छोटी फाईल घेऊ नका, ती बसताना अर्धं सामान इंटरनेटवरून मागत राहते. पूर्ण घ्या." पूर्ण फाईल सव्वा तास उतरत राहिली आणि सत्त्याण्णव टक्क्यांवर अडकली. सिस्टरांनी तिला अशा काही शिव्या दिल्या की शेजारीण दार ठोठावून विचारून गेली, बरं आहे ना?

चौथ्या दिवशी फाईल आली, तर व्हायरस पकडणारा प्रोग्रॅम तिला आत घेईना. शेरा: 'पेशंट औषध थुंकतोय. दहा मिनिटं पहारा उठवून दिलं. गिळलं. पहारा परत बसवला.' पाचव्या दिवशी लाल चौकट. आधी दुसरा एक मदतनीस प्रोग्रॅम हवा होता, तो नव्हता. पित्ताशय सांगायला विसरल्या होत्या.

"विसरलात?" सिस्टर कडाडल्या. "तासभर मी ते लाल डबडं बघतेय!"

"सिस्टर, मी इथे तास घेऊन आलेय, माझा घसा बसलाय, आणि हे मी फुकट करतेय!" पित्ताशयही कडाडल्या.

दोघींनी फोन आपटले. पंधरा मिनिटांनी दोघींनी एकदमच एकमेकींना लावला, म्हणून दोघींनाही एंगेज लागला. अखेर लागला तेव्हा माफी कुणीच मागितली नाही. सरळ मदतनीस प्रोग्रॅम कुठे मिळतो ते बोलणं सुरू झालं.

सहाव्या दिवशी फॉन्ट आणि कळफलक. सातव्या दिवशी नवा कोश उघडला, भाषेचं नाव घातलं. आठवा दिवस अक्षरांच्या क्रमात गेला. ळ कुठे, क्ष कुठे, अनुस्वार आधी की नंतर, हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं, नाहीतर ते आपल्या मनाने रांग लावतं. "मनाने रांग लावणाऱ्यांचा मला कंटाळा आलाय," सिस्टर म्हणाल्या, आणि अठ्ठेचाळीस अक्षरं एकेक करून स्वतः घातली. नवव्या दिवशी रोजची प्रत कुठे ठेवायची ते शिकल्या. एक मशीनमध्ये, एक पेनड्राईव्हवर, तारीख घालून, जुनीवर नवी कधीच नाही. आणि 'थोडक्यात अर्थ' हा रकाना बंदच करता येतो, हेही त्याच दिवशी कळलं. बंद करता येत होता. पहिल्यापासून.

वर्षभराने कोश तयार झाला. मुलगी एव्हाना बोलायला लागली होती. जावई घरी आला की सोफ्यावर, टेबलापासून दोन हात लांब बसायचा. एकदा त्याने केसपेपर वाचायला मागितला. सगळा वाचला. "हे आमच्या ऑफिसात कुणी लिहून ठेवत नाही," एवढंच म्हणाला. सिस्टरांनी त्याला अजून पूर्ण माफ केलेलं नाही.

नर्सिंग शाळेतही काही हार-तुरे झाले नाहीत. तिथल्या शिक्षिका म्हणाल्या, "छान छंद आहे. पण आमच्याकडे आता फॉर्म आहे. दुखणं एक ते दहा. पेशंटने आकडा सांगायचा."

"आणि ती सात म्हणाली तर? सात काय? सात ठणका की सात सणक?"

"सात म्हणजे सात, सिस्टर."

सिस्टरांचं पित्त खवळलं. पण या वेळी त्या भांडत बसल्या नाहीत. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये गेल्या, रिकाम्या खुर्चीवर बसल्या आणि पेनड्राईव्ह काढला. क्लार्क धावत आला, "बाई, ते कॉम्प्युटरवाले येऊन करतील." "मीच कॉम्प्युटरवाली," त्या म्हणाल्या, आणि तीन मशीनवर सॉफ्टवेअर, फॉन्ट, कळफलक आणि कोश, सगळं क्रमाने बसवून, केसपेपरची एकेक झेरॉक्स चिकटवून चार वाजता बाहेर पडल्या.

पाच महिने काही कळलं नाही. मग एका दुपारी फोन वाजला. सरकारी दवाखान्यातली नवी नर्स होती, घाईत, दबक्या आवाजात.

"सिस्टर, तुमचा नंबर कोशात होता. कॉट नंबर अकराची बाई म्हणतेय, 'लोळ उठतायत'. ते तुमच्यात नाही."

"नीट शोधलंत? ळ लिहिलात की ल?"

"ळच. तीनदा बघितलं."

सिस्टरांनी पेन ओढलं. "कुठून उठतात? कुठवर जातात? गेल्यावर पूर्ण निवतं की धग राहते?"

"ते... नाही विचारलं. आकडा विचारला. आठ म्हणाली."

"आकडा काय चाटायचाय? जा, विचारून या!"

"आत्ता?"

"मग कधी, पंचांग बघून? जा. मी फोन ठेवत नाही."

नर्सची पावलं लांब गेली. पलीकडून ट्रॉलीचा खडखडाट, कुणाचा तरी खोकला, एक बाई मोठ्याने काहीतरी सांगत असल्याचा आवाज. शब्द कळत नव्हते. सिस्टर रिसीव्हर कानाला दाबून, कपाळाला आठ्या घालून बसल्या. चार मिनिटं, पाच, सहा. मग पावलं परत आली, या वेळी पळत.

"बेंबीच्या वरून उठतात, सिस्टर. आणि सरळ पाठीतून आरपार जातात. वाकून बसलं की जरा कमी. धग राहते."

"डॉक्टर कुठे आहेत?"

"राऊंड करून गेले. पित्त म्हणाले."

"परत बोलवा. आरपार म्हणतेय आणि वाकल्यावर कमी म्हणतेय, एवढे दोन शब्द त्यांच्यासमोर म्हणा. मोठ्याने म्हणा. वळले नाहीत तर पुन्हा म्हणा. तरी नाही ऐकलं, तर फोन त्यांच्या हातात द्या, मी बघते."

फोन त्यांच्या हातात द्यावा लागला नाही. दुसऱ्या दिवशी नर्सने कळवलं, स्वादुपिंडाला सूज होती, बाईला वरच्या वॉर्डात हलवलंय, ती अजून आहे. सिस्टरांनी "बरं" म्हटलं, आणि पुढच्या वेळी आकड्याच्या आधी शब्द विचारायचा म्हणून तिला चांगली झापली. मग मशीन चालू करून त्यांनी नवं पान उघडलं आणि दोन बोटांनी टाईप करायला घेतलं, 'लोळ'.